एका खोलीतली आग आणि तहानलेली राजधानी : माले, डिसेंबर 2014

4 डिसेंबर 2014, गुरुवार. मालदीवमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणजे कामाच्या आठवड्याचा हा शेवटचा दिवस. राजधानी मालेला पाणी पुरवणाऱ्या ‘माले वॉटर अँड स्युअरेज कंपनी’च्या आवारात विजेच्या पॅनेलना आग लागली. समुद्राचं पाणी गोडं करण्याची सोय शहरात होती, समुद्र तर चहूबाजूंनी होताच. पण तयार झालेलं गोडं पाणी पुढे ढकलणाऱ्या पंपांच्या केबली जळून गेल्या. तेवढ्यानं लाखाहून जास्त माणसांचे नळ बंद झाले आणि पुढचे कितीतरी दिवस एका देशाची राजधानी बाटलीतल्या पाण्यावर राहिली.

पाणीटंचाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेलं रान, टँकर आणि हंड्यांची रांग येते. मालेत यातलं काही नव्हतं. पाऊस रुसला नव्हता, धरण आटलं नव्हतं, कारण धरण मुळात नव्हतंच. बिघाड एका खोलीत झाला आणि तहान सगळ्या शहराला लागली. हे प्रकरण नीट उलगडून बघावं असं मला कधीचं वाटत होतं, आणि ते उलगडायचं तर आगीपासून सुरुवात करून भागत नाही. आधी हे शहर रोज कसं जगतं ते बघावं लागतं.

बेटावरचा बाजार

माले म्हणजे जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं बेट. किनाऱ्याकडेनं फिरणारा बोडुथकुरुफानु मगू हा रस्ता पायी धरला तर दीड-दोन तासांत माणूस निघाला तिथे परत येतो. ‘मगू’ म्हणजे मोठा रस्ता, ‘गोळही’ म्हणजे गल्ली. मजीधी मगूवर कपडे, मोबाइल, भांडी, औषधं यांची दुकानं एकाला एक चिकटून. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीला भिंतीशी सरकावं लागतं. वर मात्र आठ-दहा मजले चढलेले, कारण बाजूला सरकायला जमीनच नाही.

शहराचं खरं पोट उत्तरेच्या धक्क्यावर आहे. तिथे दुपारनंतर मासेमारीच्या धोणी, म्हणजे तिथल्या होड्या, लागतात. कोकणात ज्याला कुपा म्हणतात तो मासा, म्हणजे ट्यूना, ओळीनं फरशीवर मांडला जातो, आणि विकणारे तो बघता बघता साफ करून देतात. शेजारच्या बाजारात दूरच्या बेटांवरून आलेली केळी, शहाळी, विड्याची पानं, सुकवलेला मासा. बाकी सगळं समुद्रापलीकडून येतं. तांदूळ, पीठ आणि साखर आणण्याचं काम मुख्यतः 1964 साली स्थापन झालेली सरकारी व्यापार संस्था करते. भारतातून कांदा, बटाटा, अंडी, डाळ, एवढंच काय बांधकामाची वाळूसुद्धा जाते. 1981 च्या व्यापार करारानं त्याची हमी दिलेली आहे. जहाजातला माल मालेच्या बंदरात उतरतो, धोणींमध्ये चढतो आणि जवळपास दोनशे वस्तीच्या बेटांकडे पांगतो. त्यामुळे मालेतलं घाऊक दुकान बंद राहिलं तर त्याची झळ दोन दिवसांच्या समुद्रप्रवासावरच्या बेटालाही लागते.

या बाजाराशी मुंबईचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांनी मालेत वखारी आणि दुकानं काढली. थोड्याच वर्षांत परदेशी व्यापार जवळजवळ सगळा त्यांच्या हातात गेला. हा विळखा सुलतानाला जाचू लागला, आणि 1887 मध्ये त्यानं ब्रिटिशांशी केलेल्या संरक्षण-कराराच्या मागे ही धास्तीही होती. सगळा पुरवठा एकाच हातात जाणं या बेटाला तेव्हाही महाग पडलं होतं.

आता या शहराची सकाळ बघा. चहाच्या दुकानाला तिथे ‘हॉटा’ म्हणतात. फजरची नमाज आटोपून माणसं तिथे येतात. बारीक केलेला कुपा, खोवलेलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू एकत्र कालवलेलं ‘मस हुनी’ आणि त्याच्याबरोबर ‘रोशी’, म्हणजे आपली रोटीच. संध्याकाळी ‘हेधिका’ म्हणजे तळलेले माशाचे प्रकार आणि पुन्हा चहा. पीठ मळायला पाणी, माशाच्या रश्श्याला (त्याला गरुधिया म्हणतात) पाणी, बशा धुवायला पाणी. मासळीबाजाराची फरशी दिवसाकाठी किती वेळा धुवावी लागते याची कल्पना ज्यानं भाऊच्या धक्क्यावर पाय ठेवला आहे त्याला द्यायला नको. शिवाय पाच वेळच्या नमाजाआधी पाच वेळा वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं. दमट हवेत दिवसातून दोनदा आंघोळ. हे शहर पाणी कमी वापरणारं नाही आणि तसं ते असावं अशी अपेक्षा धरणंही चूक.

आड, पागोळ्या आणि पंप

पाण्याला मालदीवच्या दिवेही भाषेत ‘फेन’ म्हणतात. ऐकायला परकं वाटतं, पण ते आपल्या ‘पाणी’चंच भावंड आहे, दिवेहीत जुन्या ‘प’चा ‘फ’ होतो. पाणीपुरवठा कंपनीच्या मुख्य इमारतीचं नावसुद्धा ‘फेन बिल्डिंग’.

हे फेन शतकानुशतकं जमिनीतून यायचं. 1343 च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालदीवात पोचला, तिथे काझीही झाला. विहिरींचं पाणी इथे अगदी वरवर लागतं, हे त्यानं टिपून ठेवलं आहे. खालचं सगळं पोवळ्याचं, भोकाभोकांचं. पावसाचं पाणी त्यात झिरपतं आणि समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. मध्ये जाड, कडांना पातळ, एखाद्या भिंगासारखं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. सोय मोठी आहे, पण याच हिशोबात धोकाही आहे. वरून एक हात पाणी जास्त उपसलं की खालून खारं पाणी चाळीस हात वर सरकतं. घराघरात आड होता, लांब दांडीच्या पोहऱ्यानं, ‘दानी’नं, पाणी काढायचे. न्हाणीघर म्हणजे ‘गिफिली’, उघड्या आभाळाखालचं, आडाच्या शेजारी.

1977 मध्ये मालेची वस्ती तीस हजारांच्या आत होती. 2006 मध्ये ती एक लाखावर गेली. बेटाचं क्षेत्रफळ भराव घालून थोडं वाढलं, पण आभाळ तेवढंच राहिलं. आडांचं पाणी आधी मचूळ झालं, मग खारट, आणि शोषखड्ड्यांच्या शेजारामुळे घाण. 1978 मध्ये पटकीची साथ आली. ती आठवण देशानं टाकली नाही. पिण्यासाठी पावसाचं पाणी धरायला सुरुवात झाली. छपराच्या पागोळ्या पन्हळीतून टाकीत घ्यायच्या, मशिदींच्या आणि सरकारी इमारतींच्या छपरांवरचं पाणी सार्वजनिक टाक्यांत घ्यायचं, आणि तिथून नळावर रांग लावून न्यायचं.

मग 1988 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारं पहिलं यंत्र बसलं, रोज 200 घनमीटरचं. 1995 मध्ये पाणी आणि सांडपाण्याची कंपनी स्थापन झाली. हळूहळू सगळ्या घरांना नळ गेले. खारं पाणी उच्च दाबानं, हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाबानं, अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलायचं. पाणी पार होतं, मीठ मागे राहतं. दर हजार लिटरला तीन-चार युनिट वीज लागते, आणि मालेची वीज आयात केलेल्या डिझेलवर तयार होते. म्हणजे नळाचा प्रत्येक थेंब जहाजातून आलेल्या तेलावर चालतो.

तरीही या बदलाला मी दोष देणार नाही. पटकी आणि हगवणीनं मुलं जात होती ती थांबली. पाण्याच्या रांगेत जाणारे तास वाचले. जो हे ‘निसर्गापासून तुटणं’ वगैरे म्हणतो त्यानं मचूळ पाण्यात शिजवलेला भात महिनाभर खाऊन बघावा. माझा आक्षेप फक्त एका गोष्टीवर आहे. नवं आलं तेव्हा जुनं पूर्णपणे मोडीत निघालं. टाक्या ठेवायला जागा उरली नाही, पत्र्याच्या जागी सिमेंटच्या गच्च्या आल्या, पन्हळी गटाराला जोडल्या गेल्या, आड बुजले किंवा फक्त धुण्या-पुसण्यापुरते राहिले. एका बेटाला पूर्वी तीन ठिकाणांहून पाणी मिळत असे: जमिनीतून, आभाळातून आणि शेजारच्या घरातून. 2014 पर्यंत ती तिन्ही ठिकाणं एका पाइपाच्या मागे जाऊन उभी राहिली होती.

तो आठवडा

आगीची बातमी पसरली तशी माणसं दुकानांकडे धावली. बाटल्यांचे खोके बघता बघता संपले. दुकानांसमोर झुंबड झाली, काही ठिकाणी हाणामारीही झाली. ज्या बेटावर दुकानदार आणि गिऱ्हाईक एकाच गल्लीत राहतात, एकमेकांच्या मुलांची नावं जाणतात, तिथे हे घडलं. मला या प्रकरणातली सगळ्यांत बोचणारी गोष्ट ही वाटते. तहान अजून लागलेलीही नव्हती. टाकीत थोडंफार पाणी होतं, घरात एखादा जग भरलेला होता. धावायला लावलं ते ‘उद्या मिळणार नाही’ या भीतीनं.

गुरुवारी रात्रीच मालदीवच्या परराष्ट्रमंत्री दुन्या मौमून यांनी भारताच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भारतीय हवाई दलाची विमानं पाणी घेऊन उतरू लागली. मोहिमेला नाव दिलं होतं ‘ऑपरेशन नीर’. सी-17 आणि आयएल-76 जातीच्या विमानांनी दिल्लीहून, तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या तळामार्गे, 5 ते 7 डिसेंबर या तीन दिवसांत 374 टन पाणी पोचवलं. केरळच्या किनाऱ्याजवळ गस्तीवर असलेलं ‘आयएनएस सुकन्या’ मालेकडे वळवलं. त्यावर साठवलेलं पाणी होतं आणि गोडं पाणी तयार करणारी यंत्रंही. आणि मुंबईहून निघालं ‘आयएनएस दीपक’. नौदलाच्या ताफ्याला समुद्रात इंधन आणि पाणी पुरवणारं हे टँकर जहाज, 2011 पासून नौदलात. पोटात सुमारे एक हजार टन पाणी घेऊन ते रविवारी, 7 तारखेला मालेला पोचलं. शिवाय त्याच्यावरच्या यंत्रांमधून रोज शंभर टन पाणी तयार होऊ शकत होतं. श्रीलंका, चीन आणि बांगलादेश यांनीही पाणी पाठवलं.

आकडे ऐकून छाती फुगते, पण इथे पाटी घेऊन बसायला हवं. एक टन म्हणजे हजार लिटर. विमानांनी आणलेलं 374 टन पाणी म्हणजे पावणेचार लाख लिटर. सव्वा लाख माणसं धरली तर माणशी तीन लिटर, तेही तीन दिवसांत मिळून. ‘दीपक’चं दहा लाख लिटर म्हणजे माणशी आठ लिटर, एकदाच. शहरात एरवी माणशी शंभर लिटर वापर धरला तर रोजची गरज सव्वा कोटी लिटर होते. म्हणजे जगातली काही सर्वांत मोठी मालवाहू विमानं आणि एक भरलेलं टँकर जहाज मिळून शहराच्या एका दिवसाच्या पाण्याचा आठवा-नववा हिस्सा आला. मदत अमोल होती, वेळेवर होती, आणि जीव वाचवायला पुरेशी होती. पण शहर चालवायला ती पुरणारी नव्हती, आणि ते कुणाच्या हातातही नव्हतं.

शिवाय मालेपर्यंत पोचायचं कसं? विमानतळ हुल्हुले या वेगळ्या बेटावर. आज मध्ये पूल आहे, तो ऑगस्ट 2018 मध्ये सुरू झाला. 2014 मध्ये विमानातून उतरलेला प्रत्येक खोका होडीत चढवून, खाडी ओलांडून, मालेच्या धक्क्यावर पुन्हा उतरवावा लागत होता. मग धक्क्यापासून वाटपाच्या ठिकाणी, आणि तिथून माणसाच्या हातानं आठव्या मजल्यावर. भरलेल्या बादलीचं वजन जिन्यावर कसं वाढत जातं हे चाळीत किंवा लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत राहिलेल्याला ठाऊक आहे. म्हाताऱ्या माणसांचं, गरोदर बायकांचं, एकट्यांचं काय झालं असेल याचा हिशोब टनांत मांडता येत नाही.

घरातली खरी अडचण तर पिण्याच्या पाण्याची नव्हतीच. पिण्यापुरती बाटली मिळत होती. संडासात काय ओतायचं? सांडपाण्याची नळयोजना शहरभर होती, आणि ती पाण्यावाचून चालत नाही. बाटलीबंद पाणी संडासात ओतण्याची वेळ येणं म्हणजे काय, हे ज्यांच्यावर आली त्यांनाच कळेल. हॉटेलं आणि हॉटा बंद झाले. बशा धुता येत नाहीत तिथे चहा कसा विकायचा? आणि हॉटा बंद म्हणजे नुसती मालकाची विक्री बुडाली असं होत नाही. मालेत हजारो माणसं भाड्याच्या खोलीत पाच-सहा जण मिळून राहतात, स्वयंपाकाची सोय नसते, दोन्ही वेळचं जेवण बाहेर. त्यांची चूलच विझली.

ही माणसं म्हणजे बहुतेक परदेशी कामगार, त्यात बांगलादेशी सर्वांत जास्त; बांधकामावर, गोदामात, धक्क्यावर, हॉटांच्या स्वयंपाकघरात. फुकट पाण्याचं वाटप सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवसांत नागरिकांना पुढे घेतलं गेलं आणि परदेशी कामगारांना रांगेतून परत पाठवल्याच्या तक्रारी आल्या. हे मी कडक शब्दांत चूक म्हणतो. मालाच्या धक्क्यावर जो पाण्याचे खोके होडीतून उतरवतो, त्याला त्याच खोक्यातली बाटली नाकारणं याला व्यवस्थेची गडबड म्हणता येणार नाही. कोण या शहराचा आणि कोण नाही, हे एरवी ज्या पद्धतीनं ठरतं तेच तिथे रांगेत उघडं पडलं. बरं, माणुसकी बाजूला ठेवली तरी शुद्ध आरोग्याच्या हिशोबानंही ते परवडणारं नव्हतं. पटकी पासपोर्ट बघत नाही, आणि 1978 ची आठवण असलेल्या शहराला तरी हे सांगावं लागू नये.

याच वेळी शेजारच्या बेटांवर काय चाललं होतं? हुल्हुमालेला स्वतःचा पाणीप्रकल्प होता, तिथले नळ चालू होते. आणि एका बेटावर एक अशी वसलेली जी रिसॉर्ट आहेत, त्या प्रत्येकाकडे स्वतःचं यंत्र, स्वतःचा जनरेटर. तिथल्या पोहण्याच्या तलावांतलं पाणी हललं नाही. पाहुण्यांचा ओघ थांबला नाही. देशाच्या उत्पन्नासाठी ते चांगलंच झालं. पण अभ्यास म्हणून बघितलं तर मालेच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच होतं, अर्ध्या तासाच्या बोटप्रवासावर. लहान लहान, सुटी सुटी यंत्रं. एक पेटलं तर बाकीची चालू.

मग चुकलं कुठे?

आग लागणं ही चूक म्हणता येईल, पण खाऱ्या दमट हवेत उभी असलेली विजेची यंत्रणा कधीतरी दगा देणार, हे धरूनच आखणी करायची असते. अशा हवेत तांब्यावर, जोडांवर मीठ बसतं, ओल धरते. कोकणात किनाऱ्यालगत ज्याचं घर आहे त्याचा मीटरबॉक्स आणि फ्रीज किती वर्षं टिकतो ते विचारून बघा.

चूक आखणीत होती. पाणी गोडं करणारी यंत्रं एकाहून जास्त असणं आणि पाणी मिळण्याचे मार्ग एकाहून जास्त असणं या दोन गोष्टी आपण सहज एक धरतो. मालेत यंत्रं अनेक होती, पण त्या सगळ्यांचं पाणी ज्या पंपांमधून पुढे जायचं, त्यांच्या केबली एकाच ठिकाणी एकत्र येत होत्या. दहा बैलांची नांगरणी आणि जू एकच, ते मोडलं की दहाही बैल उभे. कागदावर क्षमता किती हे विचारणारे पुष्कळ असतात. ती क्षमता किती दारांतून बाहेर पडते हे क्वचितच कुणी विचारतं. मुंबई महापालिकेनं मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला आहे, रोज 20 कोटी लिटरचा, पुढे दुप्पट करण्याजोगा. त्याच्या खर्चावर, विजेवर, मासेमारीवर वाद होतो तो व्हायलाच हवा. पण मुंबईला सात धरणं-तलाव आहेत. मनोरी बंद पडलं तरी शहर कोरडं पडणार नाही. मालेकडे ही सोय नव्हती. तिथे साठा हाच एक आधार होऊ शकत होता, आणि दोन चौरस किलोमीटरच्या बेटावर मोठी टाकी बांधायला जागा मागणं म्हणजे कुणाचं तरी घर मागणं.

त्यातूनच मला वाटतं की घरागणिक टाकीचा विचार सोडायला नको होता. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर दूरच्या बेटांवर आडांत समुद्र शिरला, तेव्हा मदतसंस्थांनी पावसाच्या पाण्यासाठी प्लॅस्टिकच्या टाक्या घरोघरी दिल्या. तिथल्या कुटुंबाला नळ नसेल, पण दोन-अडीच हजार लिटर पाणी दाराशी असतं. मालेला त्सुनामीत वाचवलं ते जपानच्या मदतीनं बांधलेल्या सागरी भिंतीनं. 1987 च्या मोठ्या लाटांनी राजधानीत पाणी घुसवलं होतं, त्यानंतर ती भिंत उभी राहिली. म्हणजे बाहेरच्या पाण्यापासून वाचण्याची तयारी राजधानीनं वेळेत केली. आतल्या पाण्याची मात्र दुय्यम बेटांइतकीही केली नाही. एका गच्चीवर, गच्चीच्या कडेला, जिन्याखाली बसणारी पाचशे लिटरची टाकी शहराची गरज भागवत नाही हे खरं. पण पाच जणांच्या कुटुंबाला ती आठवडाभर माणशी चौदा लिटर देते. वर मांडलेल्या हिशोबाशी ताडून बघा. विमानांनी आणि जहाजानं मिळून दिलेल्यापेक्षा हे जास्त आहे.

सरकारनं दुरुस्ती आणि मदतकार्यासाठी दोन कोटी डॉलरचा निधी जमवायला घेतला. कंपनी नफ्यात चालणारी, तिच्यात एका जपानी कंपनीचा वीस टक्के हिस्सा. मग एवढे पैसे कशाला आणि कुठे लागणार, असा सवाल विरोधकांनी केला. तो रास्त होता. या रकमेचा तपशील लोकांसमोर जितका यायला हवा होता तितका आला नाही असं माझं मत आहे, आणि पाण्यासाठी जगापुढे हात पसरताना तो तपशील आधी मांडायला हवा होता.

दुरुस्ती टप्प्याटप्प्यानं झाली. आधी दिवसातले ठरावीक तास पाणी सोडलं गेलं. माणसांनी बादल्या, पातेली, रिकाम्या बाटल्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवलं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत नळ पूर्ववत झाले. हॉटांमध्ये सकाळची मस हुनी पुन्हा कालवली गेली, मासळीबाजाराची फरशी पुन्हा धुतली गेली.

शहरात उरल्या त्या बाटल्या. विमानांनी, जहाजांनी आणि दुकानांनी मिळून त्या आठवड्यात किती बाटल्या बेटावर उतरवल्या असतील त्याची मोजदाद करवत नाही. माले आपला कचरा स्वतःजवळ ठेवू शकत नाही. 1992 पासून तो होड्यांत भरून पश्चिमेला थिलफुशीला जातो, कचऱ्याचाच भराव घालून वाढवत नेलेल्या बेटावर. त्या डिसेंबरातही धक्क्यावरून होड्या भरून तिकडे निघाल्या, आणि त्यात बाटल्या चढवणारे हात पुन्हा त्याच परदेशी कामगारांचे होते.